बिनभोकाचा फोन

आप्पाला जाऊन महिना झाला. दहाव्याला वरवंडात मांडवाखाली बसलेली माणसं म्हणत व्हती, वय झालं व्हतं, कान गेलं व्हतं, सुटलं बिचारं. मला किळस आली ऐकून. कोण सुटलं? कशातनं सुटलं? तवाच ठरवलं की खरं काय झालं ते मीच लिहायचं. मी चौथी शिकलीय, निमोण्याला दिलीय. बोलती तसं लिहिती, शुद्ध अशुद्ध बघू नका.

आप्पा म्हंजी माझं वडील, सावळाराम. हौशीरामच्या गुऱ्हाळावर तीस वर्षं गुळव्या व्हतं. उसाचा रस काहिलीत आटतो, तो कवा उतरवायचा ते सांगतो तो गुळव्या. जरा आधी उतरवला तर गूळ पाझरतो, जरा उशीर झाला तर करपतो. आप्पा पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचं, त्याची गोळी वळायचं आन् काहिलीच्या काठावर मारायचं. टण् वाजली की म्हणायचं, "उतरवा." मग पाक वाफ्यात, म्हंजी गूळ गार करायच्या हौदात वतायचा. आन् गोळी तर शेवटाला. त्याच्या आधीच रसाच्या खदखदीवरनं त्यांना कळायचं. आधी पातळ आवाज, मग जाड, मग फटफट फटफट. डोळं मिटून सांगायचं.

पण चरकाचं इंजिन शेजारीच. तीस वर्षं त्याची धडधड ऐकून कान गेलं. शिबिरात कानाचं मशीन मिळालं व्हतं, ते नुस्तं शिट्ट्या मारायचं. मग माझ्या भावानं, दत्तानं, जुन्या फोनात एक आवाज वाढवायचं काहीतरी टाकून दिलं. फोन सदऱ्याच्या खिशात, वायरी दोन्ही कानात. समोरचं सगळं खणखणीत ऐकू यायचं. लोकं चेष्टा करायची, "आप्पा, गाणी ऐकताय व्हय?" आप्पा म्हणायचं, "तुझ्या बायकोच्या शिव्या ऐकतोय, लांबनं येत्यात." चार वर्षं त्या वायरीवर आप्पा काहिलीपाशी उभं राहिलं.

मागल्या वर्साला त्या फोनची बॅटरी फुगली. मी म्हणलं, आप्पाला आता मी घेणार फोन. आमच्यात बाप लेकीच्या घरचं घेत न्हाई. आप्पा निमोण्याला आलं तर चहा तेवढा प्यायचं आन् जाताना बशीखाली दहाची नोट ठेवायचं. तर मी रडले, भांडले, तवा कुठं हो म्हणलं. जन्मात पहिल्यांदा लेकीचं घेतलं.

यवतच्या दुकानात दोन फोन दावलं. एक साधा, एक भारी. मी भारी घेतला. माझ्या बापाला लेकीनं काय साधा द्यायचा? जुना तिथंच बदल्यात दिला.

घरी आप्पानं वायरीचं टोक हातात घेतलं. फोनच्या वरनं फिरवलं, खालनं फिरवलं, कडंनं बोट फिरवलं.

"सुवर्णे, ह्याचं भोक कुठंय?"

"आसंल की आप्पा. नीट बघा."

दत्ता हसला. "आप्पा, मोठ्या लोकांच्या फोनला भोक नसतंय."

मी तशीच दुकानात परत. तिथला पोरगा खुर्चीतनं उठला पण न्हाई. "ताई, भारीतल्याला आता येतच न्हाई ते. बिनवायरचं घ्या, कानात घालायचं."

"मग ह्यो साधा दे."

"खोललेला माल परत न्हाई."

"पण भोक बुजवलं कशाला?"

"फोन पातळ व्हतो ना."

पातळ! माझा बाप काय फोननं दाढी करणार व्हता? धडधाकट चाललेली वस्तू, ती मोडायची आन् मग तिच्याच जागी दुसरी इकायची. थू. एक तोकडी जोडवायर दिली त्यानं, चार्जिंगच्या भोकात घालायची. आप्पा वाकलं की ती निसटायची. पंधरा दिसांत मेली. मग ते बिनवायरचं घेतलं, शेंगदाण्याएवढं, दोन कानात दोन.

त्याच्यातनं आवाज मागनं यायचा. समोरचा बोलून तोंड मिटायचा, मग आप्पाच्या कानात बोलणं पोचायचं. कवा तर पोचायचंच न्हाई. हे मला कवा कळलं? आठ महिन्यांनी! मी फोनवर इचारायचे, "आप्पा, येतंय ना ऐकू?" ते म्हणायचं, "बेस येतंय. लई भारी फोन हाय." लेकीनं दिलेल्या वस्तूला नाव ठेवायचं न्हाई, हे त्यांनी मनात धरलेलं.

मला कळलं ते रामसुरतकडनं. तो गुऱ्हाळावर चुलवाण पेटवतो, बिहारचा हाय. मी वरवंडला माहेरी गेलते. रस्त्यात भेटला आन् म्हणला, "दीदी, चाचा अब क्यों नहीं आते, आपको नहीं बताया?" मला आप्पांनी सांगितलेलं की हंगाम संपला.

झालं असं व्हतं. आप्पा गोळी घ्यायला वाकलं. घामानं कान वला. कानातलं ते शेंगदाण्याएवढं निसटलं आन् थेट काहिलीत. रामसुरत वरडला, "चाचा, कुछ गिरा!" आप्पाला ऐकू येऊस्तवर ते तळाला गेलं. झाऱ्यानं काढलं तवा निम्मं वितळलेलं, आन् गुळात काळी रेघ.

हौशीराम म्हणला, "वरचं काळं काढ आन् वत वाफ्यात. कोण बघतंय?"

आप्पा म्हणलं, "बारकी पोरं खात्यात ह्यो गूळ. त्यात आता बॅटरी शिजली."

"आप्पा, तुला ऐकायला येत न्हाई तेवढं पुरं हाय. आता शानपण नको शिकवू."

हे मात्र ऐकायला आलं त्यांना. आप्पांनी घमेलं घेतलं, चुलवाणातली राख भरली आन् काहिलीत टाकली. परत भरलं, परत टाकलं. सगळा घाणा, आख्खी काहील वाया. हौशीरामनं माणसांदेखत दंडाला धरून बाहीर काढलं. तीस वर्षांच्या गुळव्याला! आन् वाफ्यात विष वतायला निघालेला त्यो, तो दहाव्याला पुढं बसून डोळं पुसत व्हता.

मी घरी येऊन आप्पांवर वरडले. "मला का न्हाई सांगितलं?"

ते म्हणलं, "तू येवढं रडून दिलेला. त्याला नाव ठिवू व्हय?"

दुसऱ्या दिवशी चौफुल्याच्या दुकानातनं साधा फोन आणला. भोकाचा. तो मिळतच व्हता, माझ्या नाकासमोर व्हता, आन् मी मिजाशीत भारी घेतला. कंपनीला शिव्या घालते, तवा मला पण घालते. वायरी घातल्या आन् आप्पा दचकलंच. म्हणलं, "कुकर व्हय गं?" शेजारच्या घरातला कुकर ऐकायला आला व्हता.

मीच म्हणलं, चला गुऱ्हाळावर. हौशीरामला दावू, आता येतंय सगळं ऐकायला. गेलो. नवा गुळव्या काहिलीपाशी उभा. हौशीराम लांब बाजंवर बसलेला. आम्हाला बघून शेजारच्याला म्हणला, हळू न्हाई, नेहमीच्या आवाजात, बहिऱ्यापुढं बोलत्यात तसं, "आली बघ बहिऱ्याची वरात. मेला तरी ह्याला कळायचं न्हाई."

माझ्या पायातलं चप्पल हातात आलं व्हतं. आप्पांनी माझं मनगट धरलं. काहिलीकडं तोंड करून जरा थांबलं, आन् मोठ्यानं म्हणलं, "हौशीराम, मी मेलो तर कळंल मला. तू आधी तुझी काहील बघ. कच्ची उतरवायला लागलाय त्यो. हितनं ऐकतोय मी."

आन् वळलं. रामसुरत मागनं सांगत आला की गूळ खरंच पाझरला. आप्पा "बरं" म्हणलं फक्त. परत कवा गेलं न्हाईत तिकडं. कुणी बोलवलं पण न्हाई.

त्याच्यानंतर एकेचाळीस दिवस जगलं. सकाळी छातीत कळ आली आन् दवाखान्याच्या वाटंतच गेलं. पण त्या एकेचाळीस दिसांत रोज सांजच्याला मला फोन करायचं. एकदा म्हणलं, "सुवर्णे, उन्हाळ्यात करिश्माचं काय सांगत व्हतीस? मी नुस्तं व्हय व्हय म्हणलो गं. काय कळलं न्हवतं."

करिश्मा माझी लेक. तिचं ठरलेलं लगीन पोराकडच्या लोकांनी मोडलं, ते मी रडत सांगितलेलं. आन् आप्पा त्यावर म्हणलं व्हतं, "बेस झालं, देव पावला." मी त्यांच्याशी दोन महिनं धड बोलले नव्हते. मला वाटलं, म्हाताऱ्याचं काळीज वाळलं.

आठ महिनं माझा बाप माझ्याशी अंदाजानं बोलत व्हता.

मी परत सगळं सांगितलं, पयल्यापास्नं. आप्पा मधी बोललं न्हाईत. शेवटाला त्या पोराच्या बापाला अशी शिवी घातली की हितं लिवता यायची न्हाई. मग म्हणलं, "करिश्माला दे फोन."

तिनं घेतला. त्यांचं काय बोलणं झालं ते मी इचारलं न्हाई. अर्धा तास झाला तरी फोन ठेवला न्हवता दोघांनी.