खोट्या पुरातली खरी लेक

"मॅडम, माजी बोट उडाली बघा. नदीतनं थेट उसात!"

सुभेदारांनी हाक मारली आणि सांगलीतला तो अख्खा हॉल हसला. मला हसू आलं नाही. बोट माझ्या सॉफ्टवेअरमधली होती.

पावसाळ्याआधी पुराची रंगीत तालीम कॉम्प्युटरवर करायची, असं आमचं काम होतं. हॉलभर लॅपटॉप आणि प्रत्येकापुढे नदीकाठच्या गावातला एक स्वयंसेवक. ज्याने त्याने आपल्या भागातल्या बोटी, ट्रॅक्टर, माणसं, जनावरं हलवायची. एकच पूर, पण तो बऱ्याच मशीनवर वाटून चालतो. याला आम्ही डिस्ट्रिब्युटेड सिम्युलेशन म्हणतो. आमचं ऑफिस शिरवळला, आणि मी मूळची वडूजची. सुभेदार फौजेतून रिटायर होऊन भिलवडीचं बोटपथक सांभाळणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "वडूजला प्यायला पाणी न्हाई, आन् तुमी आमाला पूर शिकिवणार व्हय?"

बोट उडण्याचं कारण सोपं होतं. एक बोट हलली की तिची नवी जागा इतर मशीनना कळवावी लागते. सगळ्यांनी सगळ्यांना सगळं कळवलं की नेटवर्क तुंबतं. निरोप उशिरा पोचतो, आणि बोट मधली नदी सोडून एकदम पुढे दिसते.

यावर उपाय आम्ही आधीच केला होता. प्रत्येकाने नकाशावर आपल्या भागाचा चौकोन काढायचा, म्हणजे त्या चौकोनातलेच निरोप त्याच्याकडे जातील. शिरवळला हे लोण्यासारखं चाललं होतं. इथे मात्र तुंबलं.

तालमीच्या प्रमुख देसाई मॅडम टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"दुपारी शेवटचा रन. अडकलं तर भिंतीवर नकाशा लावून टाचण्यांनी तालीम घेऊ. तुम्ही सामान बांधा."

"एवढ्यात बघते, मॅडम."

"कालही हेच म्हणालात."

दोन वर्षं आमच्या टीमने याच्यापायी डोकं फोडलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांचे चौकोन एकाच नकाशावर टाकून पाहिले आणि कपाळावर हात मारला. एकही चौकोन आपल्या गावात मावत नव्हता. सुभेदारांचा भिलवडीपासून थेट म्हैसाळपर्यंत ताणलेला. मधलं सांगली शहर, म्हणजे सगळ्यात जास्त गर्दीचा भाग, त्याने अख्खं गिळलं होतं.

"सुभेदार, तुमच्या बोटी भिलवडीत. चौकोन म्हैसाळला कशाला?"

"आवं, धाकटी लेक दिलीया की तितं."

"पण हा पूर खोटा आहे!"

"पूर खोटा आसंल. लेक खरी हाय न्हवं?"

बाकीच्यांना विचारलं. कुणाचं माहेर, कुणाची बहीण, कुणाचा मामा. आपल्या भागात सोयरीक जवळपासच करतात, हे ठाऊक असूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चौकोन लहान करा, असं दटावून सांगता आलं असतं. पण लेकीचं गाव दिसेना म्हणून सुभेदार बोटी सोडून शेजारच्याच्या स्क्रीनमध्ये डोकावत बसले असते.

मग मी निरोपांचे दोन प्रकार केले. चौकोन फक्त स्वतःच्या गावापुरता. त्यातली प्रत्येक हालचाल दिसेल. शिवाय प्रत्येकाला चौकोनाबाहेरचं एक गाव निवडायची मुभा. तिथल्या बोटी दिसणार नाहीत, नुसता एक ठिपका. हिरवा म्हणजे माणसं सुखरूप, लाल म्हणजे अडकलीत. तोही रंग बदलला तरच निरोप जाणार. त्याला मी नाव दिलं खुशाली.

दुपारी रन सुरू झाला. पाणी चढलं. नेटवर्क मोकळं, बोटी नदीतच. मधेच म्हैसाळचा ठिपका लाल झाला. सुभेदारांचा हात थांबला. म्हैसाळ सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाने आपली बोट काढली, आणि थोड्या वेळाने ठिपका हिरवा झाला.

"झ्याक!" म्हणून सुभेदार आपल्या बोटींकडे वळले, आणि भिलवडीचं शेवटचं घर रिकामं करूनच उठले.

फार बरं वाटलं. सामान बांधायचं होतंच, पण आता सावकाश.

देसाई मॅडम जवळ आल्या. म्हटलं, शाबासकी देतील. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "पुढच्या तालमीला माझ्या स्क्रीनवर एक ठिपका टाकाल? औदुंबरला आई एकटी असते."

तेव्हापासून कुठलंही सिम्युलेशन असो, मी खुशाली आधी बसवते. नेटवर्कचा विचार त्यानंतर.