घोडीचा उपाशीपोटी रिपोर्ट

जिन्यावर उभं राहून कुणाचीही प्रकृती ओळखणारा माणूस मी जगात एकच पाहिला, आणि तो आमच्या ठाकुर्लीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होता. हे घोड्यांचे डॉक्टर. ठाकुर्लीत घोड्यांचा डॉक्टर कशाला, असं कुणी विचारलं की ते शांतपणे सांगत, कल्याण-डोंबिवलीत लग्नं होतात तोवर नवरदेवाखाली घोडी लागणार, आणि घोडी म्हटली की पोटदुखी आलीच. जिन्यात भेटेल त्याला त्यांचा एकच प्रश्न: "जेवलात का?" उत्तर मात्र ते ऐकत नसत, चेहरा बघत. माझ्या मेहुण्याचा तर त्यांनी पहिल्याच भेटीत खालचा ओठ ओढला, हिरडी अंगठ्याने दाबली, रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजलं आणि "ठणठणीत" असा निकाल दिला. तो बिचारा लग्नाची बोलणी करायला आला होता.

तळमजल्यावर माझी रक्त तपासायची लॅब, त्यामुळे आमचं जमणं कठीणच होतं. ऑपरेशनआधी सरसकट रक्त तपासणं त्यांना मुळीच पटत नसे. "घोडा खातोय, चालतोय, छाती साफ आहे, हिरड्या गुलाबी आहेत, मग रक्ताला विचारायचं काय? प्रश्न असेल तर जरूर विचारा. उगाच विचारलं की ते भलतंच काहीतरी सांगतं." हा माणूस माझ्या धंद्याच्या मुळावर उठलाय, असं मी बायकोला अनेकदा सांगितलं.

शहाडच्या एका घोडीवाल्याच्या पांढऱ्या घोडीला वरच्या पापणीवर गाठ आली. ती डोळ्याला घासत होती. लवकर काढली नाही तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि ऑपरेशनचा दिवस ठरवला. पण मालकाच्या बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि तिथे आधी सगळं रक्त तपासलेलं. आपल्या घोडीचं का नको, म्हणून तो डॉक्टरांना न विचारता माझ्याकडे आला. मी सवयीने सांगून टाकलं, "सॅम्पल उपाशीपोटी लागेल." त्या भल्या माणसाने घोडीला आदल्या सकाळपासून गवताची काडी दिली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ओळखीच्या कंपाउंडरकडून रक्त काढून आणलं.

माझं मशीन माणसांचं. त्याने बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीचा, आकडा लाल रंगात छापला, आणि पंचवीस वर्षं लॅब चालवणारा मी म्हणालो, "कावीळ दिसतेय." मालकाने ऑपरेशन रद्द केलं. घोडीला झाडपाल्याचं औषध आणि उसाचा रस सुरू झाला, तेलकट बंद झालं. ती आधी वडे खात होती की काय, हे मी विचारलं नाही.

दहा दिवसांनी खरं कारण कळल्यावर डॉक्टर खाली आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "घोड्याचा हा आकडा माणसापेक्षा जास्तच असतो," ते म्हणाले, "आणि उपाशी ठेवला की आणखी चढतो. ही कावीळ तुम्ही तयार केलीत. तिकडे तिच्या डोळ्यातून सारखं पाणी येतंय."

आम्ही दोघे शहाडला गेलो. मालक दारातच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, काविळीत भूल दिली आणि ती उठलीच नाय तर? डोळा गेला तर जाऊ दे, घोडी तरी राहील." डॉक्टरांनी वाद घातला नाही. घोडीपुढे गवताची पेंढी टाकली आणि स्वतः उलट्या बादलीवर बसले. चांगले पाऊण तास. घोडी खात होती, डॉक्टर तिच्याकडे बघत होते आणि मालक डॉक्टरांकडे. मग हिरड्या झाल्या, छाती झाली, नदीकडच्या चढावर एक फेरी झाली. शेवटी ते मला म्हणाले, "मला उत्तर मिळालं. ह्यांना अजून प्रश्न आहे, म्हणून रक्त काढू. शेजारच्या ठणठणीत घोड्याचंही."

संध्याकाळी मी दोन्ही रिपोर्ट घेऊन परत गेलो. आकडे जवळजवळ सारखे, दोन्ही लाल.

"म्हणजे ह्याला पण कावीळ?" मालक घाबरला. तो घोडा तेव्हा मालकाची टोपी चघळत होता.

"नाही," मी म्हणालो. "चूक माझी आहे." हे वाक्य मी माझ्या लॅबच्या इतिहासात पहिल्यांदाच उच्चारत होतो. चारच दिवसांत गाठ निघाली आणि डोळा वाचला.

गेल्या वर्षी डॉक्टर कायमचे मुलीकडे साताऱ्याला गेले. सकाळी सामानाचा टेम्पो निघाला आणि मी दिवसभर लॅबमध्ये नुसता बसून राहिलो. त्यांची इतकी सवय झाली असेल, असं मला वाटलं नव्हतं. संध्याकाळी फोन आला.

"पोचलो. जेवलात का?"

"जेवलो."

"आवाजावरून वाटत नाही."

दुपारचा डबा टेबलावर तसाच बंद होता. मी फोन न ठेवता तो उघडला आणि पोळीचा एक घास घेतला, मग दुसरा. माझं जेवण होईपर्यंत पलीकडे डॉक्टर फोनवर तसेच थांबून राहिले.