देऊन टाकलेल्या पियानोला भेटायला

ठाण्याहून मुरबाडला जायचं तर कल्याणचा रस्ता जवळचा. मी मात्र मंगळवारी सकाळी शहापूरवरून गेले. लवकर पोहोचायचं धाडस होत नव्हतं.

सतरा वर्षं मी पियानोच्या मैफली केल्या. रोज सहा तास रियाज. मग उजव्या हाताची अनामिका बिघडली. भाजी चिरताना ठीक, पट्टीवर ठेवली की आपोआप आत मुडपायची. दोन वर्षं उपचार करून हरले आणि गेल्या वर्षी रागाच्या भरात पियानो मुरबाडजवळच्या एका निवासी शाळेला देऊन टाकला. आता तो परत मागायला निघाले होते. टेम्पोही ठरवून ठेवला होता.

शहापूरहून शेणव्याचा रस्ता बरा आहे, पण गतिरोधकांना रंग नाही, जपून चालवा. दोन्ही बाजूंना भातकापणी चालली होती. शेणव्याला टपरीवर तीस रुपयांत वडापाव आणि चहा झाला. टपरीवाल्या मावशींनी विचारलं, "एकटीच कुठं चाललीस गो?"

"मुरबाडला. एक वस्तू आणायची आहे."

"मंग या काकड्या ने. रिकाम्या हातानं कुनाच्या दारात जाऊ नाय."

किन्हवली, सरळगाव करत अकराला शाळेत पोहोचले. गाणं शिकवणारे किसनसर, निवृत्तीला आलेले, धावतच बाहेर आले. "मॅडम, तुमी खरंच आलात!"

पियानो विटांवर उचलून ठेवलेला, वर त्यांच्या बायकोची जुनी साडी. "पावसात पट्ट्या फुगतात. म्हणून आत बल्ब लावतो. सर्दी नाय होत त्याला."

पियानो दिला तेव्हा मी त्यांना एक सोपी रचना लिहून दिली होती. सर म्हणाले, "रोज पाच वाजता बसतो. दुसऱ्या पानावर आलोय. जरा वाजवून दाखवा ना."

मी बसले. चौथ्या सुराला बोट मुडपलं. मी हात मांडीवर ओढून घेतला. सर बघत होते.

"दुखतं का?"

"नाही. ऐकत नाही."

सर स्टूल ओढून उजवीकडे बसले. "तुमी डाव्यानं वाजवा. उजवा मी सांभाळतो."

ते एका बोटानं, अडखळत वाजवत होते. मी त्यांच्यासाठी थांबत होते. तीन वर्षांनी मी कुणाबरोबर तरी वाजवत होते. पान संपलं तेव्हा माझे डोळे भरले होते. बाहेर येऊन टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवलं.

शांत झाले, असं मात्र लिहिणार नाही. पियानो मला अजूनही हवा आहे. परवा सरांचा फोन आला. तिसऱ्या पानावर कुठलं बोट कुठे, ते विचारत होते. मी सांगत गेले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, उजवा हात जेवणाच्या टेबलावर पूर्ण पान वाजवून गेला होता. लाकडावर पाचही बोटं सरळ पडली होती.