च्या घेतलाव का?

सकाळी फोन आला. पलीकडे अक्काच्या वॉर्डातली एक तरुण नर्स होती. म्हणाली, "ताई, च्या घेतलाव का?" पुढचं ऐकायची गरजच उरली नाही. माझी थोरली बहीण, सुनंदाक्का, गेली होती... आणि ती बातमी तिच्याच शब्दांत माझ्याकडे आली.

अक्का बिदरच्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागात नर्स होती. डॉक्टर बोलणार कन्नड नाहीतर इंग्रजी, आणि राजेश्वर-औराद गावांकडची आमची मराठी बोलणारी म्हातारी माणसं नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत बसणार. मग हाक यायची, "सिस्टर, जरा सांगा यांना." म्हणजे तुमचं माणूस गेलं, हे सांगा. एकदा सांगितलं की ही माणसं दिवसभर पाण्याचा घोटही घेत नाहीत, म्हणून अक्का आधी विचारायची, "च्या घेतलाव का?" नसेल घेतला तर पाजायची, मग सांगायची. मायेपोटी सुचलेली युक्ती ती. पण बाहेर बसलेल्यांना लवकरच उमगायचं. अक्का चहा विचारत आली की बाया तोंडात पदर कोंबायच्या.

राजेश्वरला चुलतभावाच्या लग्नात ती हौसेनं पाहुण्यांचं बघत होती. एका बाईला सहज म्हणाली, "मावशी, च्या घेतलाव का?" त्या बाईनं तिच्याकडे पाहिलं, नातवाला उचललं आणि मांडवातून चालती झाली. तिचा मुलगा अक्काच्याच वॉर्डात वारला होता. मी चेष्टेवारी न्यायला बघितलं, पण अक्का हसली नाही. "माझं तोंडच तसलं झालंय बघ," एवढंच म्हणाली. पुन्हा कुठल्या कार्याला गेली नाही. बाळंतिणींच्या वॉर्डात बदली मागितली, तर साहेब म्हणाले, "तुमच्यासारखं सांगणारं दुसरं कोण हाय?" वर कौतुक! माणूस पिळून घ्यायचं आणि शाबासकी द्यायची... मला अजून संताप येतो.

शेवटी न्यूमोनिया झाला आणि ती त्याच वॉर्डात पेशंट म्हणून आली. उतार पडतोय, असं डॉक्टर म्हणत होते. त्या फोनच्या आदल्या संध्याकाळी मी घरून थर्मास घेऊन गेले आणि बोलून गेले, "अक्का, च्या घेतीस का?"

तिनं माझं मनगट धरलं. "कामून विचारायलीस? काय म्हणले डॉक्टर?"

"काहीच न्हाई गं. घरनं आणलाय, म्हणून."

"व्हय... मी बी आधी असंच म्हणायचे." तिनं भिंतीकडे तोंड केलं.

मला डॉक्टरांनी खरंच काही सांगितलं नव्हतं. हे तिला पटवायला दुसरा दिवस मिळाला नाही.

नौबादच्या तिच्या घरी अजून माणसं भेटायला येतात. थर्मास ओट्यावर तसाच आहे. आम्ही कुणाला चहा विचारत नाही. कप भरून मुकाट्यानं समोर ठेवतो. बरेच जण हात लावत नाहीत.