घटलेलं वजन

संघमित्रा हवालदार होती, पण गेली सहा वर्षं तिची ड्यूटी मुद्देमालाच्या खोलीत होती. सातपुड्याच्या पायथ्याचं ते यावलचं ठाणं. गुन्ह्यात जप्त झालेलं सगळं तिच्या ताब्यात राहायचं. त्यात गांजाच जास्त. त्या उग्र वासाचं तिला काही वाटेनासं झालं होतं. घरी मात्र तिची वर्दी वेगळ्या दोरीवर वाळत पडायची.

एका भादव्यात कपाशीच्या आड लावलेली गांजाची झाडं पोलिसांनी उपटून आणली. मुळांना चिखल तसाच होता. पंचनाम्यात वजन पडलं एकशे चाळीस किलो. जप्त माल साठवू नका, लवकर नष्ट करा, असं दिल्लीचं धोरण. पण तिच्या खोलीपर्यंत ते पोचायला चार वर्षं गेली. मग समिती आली, काटा लावला. भरले अडतीस किलो.

"बाकीचा माल कुठे गेला?" समितीतल्या साहेबांनी विचारलं.

"वाळला, साहेब."

कुणीतरी हसलं. आठवड्याभरात ती निलंबित झाली.

ती वरणगावला वडिलांकडे येऊन राहिली. देवचंद दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले. उभा जन्म गेटवर झडती देऊन बाहेर पडलेला माणूस. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "तू काही घेतलं नाहीस ना, बाई?"

"नाही, बाबा."

ते पुन्हा जेवू लागले. तिनेही पानातलं संपवलं. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही.

चौकशी सात महिने चालली. कृषी खात्याच्या तज्ज्ञाने लिहून दिलं, की ओलं झाड मुळासकट तोललं तर वाळल्यावर इतकी घट येतेच. निलंबन उठलं आणि तिची बदली त्याच ठाण्यात पासपोर्ट पडताळणीच्या टेबलावर झाली.

माल जाळायच्या दिवशी सहीपुरतं तिला जळगावला बोलावलं. एमआयडीसीतल्या भट्टीत एकेक गोणी गेली. बाकीच्यांनी नाकाला रुमाल लावले. ती तशीच उभी राहिली, सांगितलं तिथे सही केली.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. तू निर्दोष सुटलीस हे गल्लीत सगळ्यांना सांगितलं, म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि यावलच्या बसमध्ये चढली.