रोख, अगर आपसांत ठरेल तसे

माझे वडील चौऱ्याऐंशी वर्षं जगले. मधे एकदा, वैशाखातल्या एका रविवारी दुपारी, ते अर्धा-पाऊण तास वारले होते; पण ते माझ्या धंद्यामुळे. त्यांची स्वतःची तब्येत त्या दिवशी उत्तम होती.

(आता ते खरोखरीच नाहीत, म्हणून ही हकीगत सांगायला धजतोय. ते असताना मी सांगायला सुरुवात केली, की ते चष्मा काढून नुसते माझ्याकडे बघत. मग मला पाणी प्यायला आत जावं लागे.)

एकोणीसशे चौतीस-पस्तीस साल असेल. मॅट्रिकच्या परीक्षेला मी दोनदा बसलो आणि दोनदा तसाच उठलो. तेव्हा सोलापुरात मंगळवार पेठेत आमचं घर होतं. घराच्या पुढच्या खोलीत मी फोटो काढण्याचा धंदा सुरू केला. कॅमेरा काकांचा जुना, तीन पायांच्या स्टँडवरचा, काळ्या फडक्यात डोकं घालायचा. मागे रंगवलेला पडदा: त्यावर राजवाडा, तळं आणि एक बदक. बदक मी काढलेलं होतं, त्यामुळे पुष्कळांना ते मांजर वाटे.

पहिला खटका उडाला तो पैसे कसे घ्यायचे यावर. वडील, म्हणजे आमचे तात्या, गिरणीच्या हापिसात कारकून. त्यांचं म्हणणं सरळ होतं.

"रोख. फोटोच्या आधी निम्मे, फोटो हातात दिल्यावर निम्मे. बस."

"तात्या, गिरणीचा पगार महिन्यातून एकदा होतो. शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो सुगीला. बाकीच्या दिवसांत मी काय भिंतीचे फोटो काढू?"

"मुंबईचा व्यापारी तुला फोटोच्या काचा पाठवतो, तो शेंगा घेतो का बदल्यात?"

"तो मुंबईचा आहे. आपण माणसं आहोत."

तात्यांनी कपाळाला हात लावला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "शेंगा कुणी देत असेल तर घे हो, चटणीला होतील." झालं, दोन विरुद्ध एक! मी दारावर पाटी लावली: ‘फोटोचे पैसे रोख, अगर आपसांत ठरेल तसे’. तात्यांनी ती तीनदा वाचली. "यातलं ‘रोख’ खोडून टाक, जागा उगीच अडते," असं म्हणून ते कामावर निघून गेले.

पण धंदा असा चालला म्हणता! साखर पेठेतला एक विणकर दोन चादरी देऊन बायकोसह बसून गेला. टांगेवाल्यानं आईला रूपाभवानीच्या देवळापर्यंत सहा फेऱ्या दिल्या. बार्शीकडच्या एका पाटलानं शेंगांचं पोतं टाकलं, आणि आम्ही चार महिने सकाळ-संध्याकाळ शेंगांची चटणी खाल्ली. तात्या जेवताना ताटाकडे बघून म्हणायचे, "आज कुणाचा फोटो आहे?"

एकच गिऱ्हाईक आलं, ज्यानं दर विचारायच्या आत रोख पैसे टेबलावर ठेवले. ते करमाळ्याचे एक मामा होते. त्यांची भाची सरू लग्नाची झाली होती. स्थळांना दाखवायला तिचा फोटो हवा होता. मामांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर नमुन्यादाखल मी तात्यांचा मोठा फोटो लावला होता, तिथं ते थांबले.

"हे कोण?"

"आमचे तात्या. गिरणीत असतात."

"माणूस भारदस्त आहे," मामा म्हणाले.

मी काळ्या फडक्यात शिरलो. आता ज्यांनी ते जुने कॅमेरे पाहिले नाहीत त्यांना सांगतो, की त्यांच्या काचेवर माणूस उलटा दिसतो, डोकं खाली आणि पाय वर. म्हणजे माझ्या आयुष्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या व्यक्तीला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते वटवाघळासारखं लटकलेलं. आणि तरीसुद्धा ती मला इतकी आवडली, की काय सांगू! वैशाखाच्या उकाड्यात त्या फडक्यातून बाहेरच यावंसं वाटेना.

"हलू नका," मी आतून म्हणालो.

"मी नाही हलत," सरू म्हणाली. "तुमचा स्टँड हलतोय."

एक प्रत मी ठेवून घेतली. ती आईला माझ्या उशीखाली सापडली. आईनं तात्यांना सांगितलं, तात्यांनी मला काही न विचारता करमाळ्याला पत्र टाकलं. मामांचं उत्तर आलं: येत्या रविवारी दुपारच्या गाडीनं येतो, घर बघतो, मन भरलं तर बोलणी तिथंच उरकू. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं, की घडीवर फाटलं.

आता मधल्या काळात मी आणखी दोन व्यवहार करून बसलो होतो. हुसेनभाई हारवाले यांच्या मुलाचा, सेहरा बांधलेला फोटो मी काढला होता. "वसंतभाई, पैसे अब्बी नै," ते म्हणाले. "रोज एक हार देता. मोगरे का, ताजा. चलता?" चलता, म्हटलं. देवांना किती हार घालणार? आमचे देव बेताचे. आठवड्यात देव झाले, तुळस झाली, दाराची चौकट झाली. हुसेनभाई मात्र रोज हार घेऊन हजर.

दुसरा व्यवहार सोपान न्हाव्याचा. त्याच्या घरच्या अकरा माणसांचा एकत्र फोटो, आणि बदल्यात हजामती. तात्यांनी साफ नकार दिला. "माझ्या न्हाव्याला मी पैसे देतो," म्हणाले. त्यामुळे सगळ्या हजामतींना माझं एकट्याचंच डोकं. बरं, सोपान हिशेबाला प्रामाणिक. दर चार दिवसांनी दारात उभा.

"अरे, अजून वाढलेच नाहीत केस."

"वाडू द्या की सावकाश. मी माजं काम करून जातो. फिटंस्तवर झोप लागत न्हाय मला."

रविवार उजाडला. तात्या सकाळीच बाजारातून मेथी घेऊन आले, ती आईच्या पुढ्यात ठेवली, आणि सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन तिथूनच स्टेशनवर मामांना आणायला जाणार म्हणून बाहेर पडले. जाताना मला बजावलं, "माणूस दिसशील असा राहा."

नऊ वाजता सोपान आला. शेवटची हजामत राहिली होती. त्यातून त्यानं केस कापायची नवी मशिन घेतली होती, चकचकीत, आणि तिचा मुहूर्त माझ्या डोक्यावर करायचा त्याचा हट्ट होता. मलाही वाटलं, मामा येणार, जरा टापटीप दिसू. मशिन कपाळापासून मागेपर्यंत एक पट्टा सरळ घेऊन गेली आणि तिथंच केस धरून बसली. ती निघता निघेना. शेवटी निघाली तेव्हा माझ्या डोक्यावर गाडीवाट पडली होती.

"आता?" मी म्हणालो.

"आता वस्तरा," सोपान म्हणाला. "दुसरं काय हाय?"

"मग अर्धवट ठेवू नको, सगळंच उरकून टाक," मी म्हणालो.

शेंडी तेवढी धर्म म्हणून त्यानं राखली. मग लांब उभा राहून त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आता मिशी लई मोठी दिसती." म्हणून उजवी जरा कमी केली. मग डावी तिच्याएवढी केली. ती जास्त झाली म्हणून पुन्हा उजवी. असं करत करत आम्ही दोन्हीकडून नाकाखाली येऊन भेटलो, आणि तिथं उरलेलं काही ठेवण्यात अर्थ नव्हता. सोपाननं वस्तरा पुसला.

"तात्यासाहेब हायत न्हवं?" त्यानं हळूच विचारलं.

"आहेत की. देवळात गेलेत."

"मग बरं हाय," म्हणाला, आणि पेटी उचलून जो गेला तो मागे न बघता गेला.

आमच्याकडे डोकं आणि मिशी दोन्ही एकदम केव्हा काढतात, हे मी का सांगायला हवं? पण मला त्या वेळी सुचलं नाही. मला फक्त लाज वाटत होती. मी काळी टोपी कानापर्यंत ओढली. आईसमोर गेलो तो तोंडाला उपरणं लावून. तिला म्हटलं, दात दुखतोय. तेवढ्यात हुसेनभाई आले. "हार कहाँ रखूँ?" मी कॅमेरा पुसत होतो. "टांगा ना कुठल्याही खिळ्याला," म्हणालो. भिंतीवर खिळा एकच होता. तो तात्यांच्या फोटोचा होता.

दुपारी दारात टांगा थांबला. उतरले ते एकटे मामाच. तात्यांची आणि त्यांची स्टेशनवर चुकामूक झाली होती. (दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. एकानं फोटोत तरी पाहिलं होतं.) मी धावत पुढं झालो, वाकून नमस्कार केला, आणि टोपी त्यांच्या पायावर पडली.

मामांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. ओठाकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मी खुर्ची पुढे केली, पण ते जमिनीवर बसले. मी मनात म्हटलं, किती साधा माणूस! पाणी दिलं तर हातानंच नको म्हणाले.

"कधी झालं हे?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मला वाटलं, डोक्याचं विचारतायत. त्यांच्या मनातला घोळ मला नंतर कळला. "आज सकाळी. नऊच्या सुमाराला."

"असं एकाएकी?"

"एकाएकीच. मशिनमध्ये अडकलं."

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. तात्या गिरणीत असतात हे मीच त्यांना सांगितलं होतं. हापिसात असतात, हे सांगायचं राहिलं होतं.

"रविवारी मशिन चालू होती?"

"नवी होती हो, हौसेनं चालवली. एक पट्टा बरोबर गेला, मग धरलंच तिनं. सोडवायला जावं तो आणखी खेचतेय. शेवटी मीच म्हटलं, असं अर्धवट ठेवू नका, सगळंच उरकून टाका."

"तुम्ही म्हणालात?"

"मग काय करणार? तशा स्थितीत चारचौघांत नेता आलं नसतं."

मामांनी डोळे मिटून घेतले. एवढ्यात आतून कढईचा चुर्रर्र आवाज आला आणि घरभर वास सुटला. मी उठून भज्यांची ताटली आणली. "घ्या ना, गरम आहेत. मेथी तात्यांनीच आणलीय, आज सकाळी. आई पहाटेपासून तयारीला लागलीय. म्हणते, घरात इतका आनंदाचा दिवस पुन्हा कधी यायचा?"

मामा उठले. ‘येतो’ असंही न म्हणता दारापर्यंत गेले, आणि तिथं वळून म्हणाले, "लग्नाचा विषय वर्षभर काढू नका. त्यानंतर काढायचा असेल तर दुसरीकडे काढा. आमची मुलगी या घरात यायची नाही."

सरू गेली, एवढंच मला कळलं. का गेली ते कळेना. आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून मामा जरा घुटमळले. त्यांना वाटलं, पोराला आत्ता कुठे बापाचं दुःख झालं.

तेवढ्यात दारातून तात्या आत आले. घामाघूम, काखेत छत्री. "वसंता, तो करमाळ्याचा गृहस्थ काही उतरला नाही. थापाड्या दिसतो लेकाचा."

मामांनी तात्यांकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, पुन्हा तात्यांकडे पाहिलं, आणि मटकन खुर्चीत बसले. मघाचं पाणी त्यांनी मागून घेतलं आणि तांब्याभर प्याले.

तात्यांना माझ्या डोक्याकडे बघायला आणि फोटोकडे बघायला मिळून फार तर क्षणभर लागला असेल. त्यांनी जवळ जाऊन हार काढला.

"हा कुणाचा?"

"हुसेनभाईंच्या फोटोचा."

"आणि डोकं?"

"सोपानच्या फोटोचं."

मामांना अंगभर संताप आला होता. "जिवंत बापाला हार घालणारा जावई आम्हाला नको," ते म्हणाले. मला वाटलं, आता तात्या त्यांच्या बाजूनं बोलणार. वर्षभर त्यांनी जे सांगितलं, ते सगळं आज खरं ठरलं होतं. पण तात्या मामांच्या शेजारी बसले.

"मामासाहेब," ते म्हणाले, "मुलगा बावळट आहे, ते मी नाकारत नाही. पण वाईट नाही. गरिबानं येऊन म्हटलं, पैसे नाहीत पण फोटो पाहिजे, तर याच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला. हा दोष त्याच्यात आहे, तेवढा बघून ठरवा."

तात्यांच्या तोंडून माझ्याबद्दल एवढं चांगलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी भिंतीकडे तोंड केलं.

मामांनी माझ्या डोक्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. "मशिनमध्ये अडकलं," ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. ठसका थांबल्यावर त्यांनी भज्यांची ताटली पुढे ओढली. सगळी संपवली आणि म्हणाले, "घरी विचारून कळवतो. पण होकार आला तरी आधी मिशी येऊ द्या. मांडवात कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

चार दिवसांत होकार आला. मिशी आषाढात आली, तोवर चातुर्मास लागला. ते दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. तुळशीचं लग्न झाल्याबरोबर आमचं झालं.

लग्नानंतर महिन्याभरानं मी एकदा सरूला मोठ्या ऐटीत म्हटलं, "त्या काचेवर मी शेकडो माणसं पाहिली, पण निवडलं तुला."

"असं का?" ती म्हणाली. "मामांनी तर घरी येऊन सांगितलं, की त्या मुलाला कुणी काहीही दिलं तरी तो नको म्हणत नाही. तेव्हा मावशी म्हणाली, मग उशीर कशाला करता, आपली सरू तिथंच देऊन टाका."

मी हे तात्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"वसंता," ते म्हणाले, "आजवरच्या तुझ्या धंद्यात हा एकच व्यवहार फायद्याचा झाला. आणि तोही समोरच्यांनी ठरवला."