धुळ्याचा फोन आणि माझी परीक्षा

मी जळगावच्या विमानतळावर टॉवरमध्ये बसून विमानं उतरवायला शिकत होते, तेव्हाची गोष्ट. टॉवरमधली माणसं फक्त पायलटशी बोलतात असं लोकांना वाटतं. अहो, निम्मं काम फोनवर! धुळ्याहून शिकाऊ पायलटचं विमान निघालं की तिथल्या धावपट्टीवर ड्युटीला असलेले भाऊ मला फोन करून निघाल्याची वेळ सांगणार. पुढं ते विमान मी सांभाळायचं.

पण भाऊ पडले अस्सल खानदेशी. आधी "जेवण व्हयनं का ताई?" मग माझ्या आईचे गुडघे, मग चोपड्याला माझ्या सासरी केळी कशी आहेत ते, आणि मग विमान, त्यात बसलेलं पोर कोण, कसं. मला हसूही यायचं आणि वैतागही.

लायसन्सच्या परीक्षेला मुंबईचे साहेब आले. हेडफोन लावून माझ्या पाठीमागं बसले. जन्मात कोणी विनोद सांगितला नसावा असा चेहरा. तेवढ्यात फोन वाजला.

"जेवण व्हयनं का–"

"वेळ सांगा, भाऊ."

 मग "दहा वीस" एवढंच, तेही फुगलेल्या आवाजात. मी फोन ठेवला. स्वतःवर काय खूश झाले म्हणून सांगू!

एरंडोल ओलांडून विमान आलं. उंची, वारा, धावपट्टी, वळायची बाजू, सगळं मी एका दमात सांगितलं. उत्तर नाही. पुन्हा सांगितलं, जरा जोरात. एक बारीक "अं..." आणि चिडीचूप. विमान आपलं धावपट्टी मागं टाकून नशिराबादकडं निघालेलं. 

गेलं लायसन्स खड्ड्यात, म्हटलं, आणि धुळ्याला फोन लावला. "भाऊ, चुकलं माझं. कोण आहे त्या विमानात?"

"आते इचारस का?" भाऊ म्हणाले. "पोर पहिल्यांदाच एकटी ई राहिनी. घाबरी जास ती. एक टाइमले एकच सांग, माय." पहिल्यांदाच एकटी विमान घेऊन येत होती ती!

एकच सांगितलं. "डावीकडं वळ." वळली. मी थांबले. "आता खाली ये." आली. चाकं टेकली तेव्हा मी टेबल घट्ट धरून बसले होते.

साहेबांनी हेडफोन काढला. फोनवरच्या घरगुती बोलण्याबद्दल काय खुलासा करावा, याची मी जुळवाजुळव करत होते. त्यांनी कागद पुढं सरकवला. त्यावर लिहिलेलं: पहिला फोन अर्धवट ठेवला. दुसरा उत्तम. परीक्षा पुन्हा द्यावी.

रडूच आलं हो मला. साहेबांवर चिडावं, तर माणूस खरं लिहून बसलेला! जिना उतरले, तर खाली ती पोरगी घामाघूम उभी, फोनवर आईला ओरडून सांगत होती, "उतरवलं गं, एकटीनं!" चला, आमच्या दोघींतली एक तरी पास झाली होती.